घामाचा सदरा

मे संपता संपता गारा पडल्या आणि बागेतलं निम्मं काम त्यांनीच उरकून टाकलं. विरळणी म्हणजे झुबक्यातलं एक फळ ठेवायचं, बाकीची खुडायची. वरच्या ओळींत गारांनी एकही ठेवलं नव्हतं. सकाळी झेनाइदा शिडी खांद्यावर घेऊन ओळीच्या तोंडाशी आली तेव्हा सुपारीएवढी हिरवी सफरचंदं गवतात पसरली होती, आणि आधी आलेले मजूर ती बुटाच्या टोकानं इकडून तिकडे ढकलत उभे होते. मुकादम बाल्दोमेरो पिकअपच्या पायरीवर बसून कॉफी पीत होता.

"वर आता शिडी न्यायची गरज नाही," तो म्हणाला. "देवानंच विरळणी करून ठेवलीय. खालच्या बागेला मला निम्मी माणसं पुरतील."

तो स्वतःही सीमेपलीकडूनच आलेला, मिचोआकानचा. इथं, सफरचंदांच्या याकिमाच्या खोऱ्यात, त्याची बरीच वर्षं गेली होती. त्याच देशातल्या वाहाकाच्या डोंगरातून आलेल्या झेनाइदासारख्यांना तो नेहमी शेवटी निवडायचा आणि निवडताना म्हणायचा, "तुम्हा बुटक्यांना शिडीसुद्धा एक पायरी जास्त लागते." आजही म्हणाला. हसणारे हसले. झेनाइदाचे हात भराभर चालत, म्हणून तिला घेतलं. तिच्या नवऱ्याला, रुतिलियोला, मात्र बाजूला उभं केलं.

"तुला टाकीवर घालतो. फवारणीचा माणूस पळून गेलाय. ट्रॅक्टर येतो ना?"

"येतो."

"वाचता येतं?"

"थोडं थोडं."

"बास झालं. डब्यावर कवटी काढलेली असते. ती वाचायला शाळा लागत नाही."

संध्याकाळी रुतिलियोनं आईला सांगितलं तेव्हा आवाजात थोडा अभिमान होता. म्हातारी चोना चुलीपाशी मक्याची रोटी थापत होती. "म्हणजे बसून काम?" तिनं विचारलं.

"बसून."

"तुझ्या बापानं जन्मात बसून काम केलं नाही," ती म्हणाली, आणि पहिली रोटी त्याच्या ताटात टाकली.

पळून गेलेल्या माणसाचा पिवळा रबरी अंगरखा आता रुतिलियोच्या अंगावर आला. गळ्यापाशी तो फाटलेला होता, वर चिकटपट्टी लावली होती. ऊन चढलं की आत माणूस उकडून निघे. टाकीत औषध ओतायचं, वर पाणी सोडायचं, आणि मागचा पंखा लावून ओळीओळीतून ट्रॅक्टर न्यायचा. पंख्याचा आवाज डोंगरापर्यंत जाई. दिवस मावळता तो घरी आला की अंगरखा बाहेर खिळ्याला टांगी, आणि आतला सदरा पिळावा इतका ओला असे. तसाच तो पायरीवर बसे. चेली त्या वेळी दारातच असायची. दोन वर्षांची होऊन गेलेली, गुबगुबीत, बोलकी. पापा, पाणी, कोंबडी, नाही. रोज एखादा नवा शब्द. ती धावत येऊन बापाच्या मांडीवर चढे आणि तोंड त्याच्या मानेत खुपसून बसे. तो दमलेला असे, हलत नसे. अंग निवेपर्यंत दोघं तशीच बसून राहात.

त्यांची खोली मजुरांच्या खोल्यांच्या रांगेतली शेवटची. मागची भिंत बागेला लागून. एका सकाळी चेली मागच्या अंगणात डब्यात माती भरत होती आणि ओळीच्या टोकाला वळताना फवाऱ्याचा पंखा एकदम तिच्या समोर आला. चालवणारा तिचाच बाप होता, पण रबरी टोपीत आणि मुखवट्यात तिनं त्याला ओळखलं नाही. ती पाठीवर पडली. चोनानं धावत जाऊन तिला उचललं, आत आणलं, खिडकी लावली. तरी खोलीत तो तिखट वास बराच वेळ राहिला.

त्या दिवसापासून पोर बिघडली. जेवेना, दचकून उठे, उगाच रडे.

"भ्यायलीय," चोना म्हणाली. "जीव तिथंच राहिलाय तिचा, बागेच्या कडेला."

तिनं पोरीच्या अंगावरून अंडं उतरवलं. सतापाची डहाळी फिरवली. पोर पडली होती त्या जागी जाऊन काठीनं जमिनीवर मारत नावानं हाका मारल्या. मग तिसऱ्या दिवशी, रुतिलियो घरी आल्या आल्या, हात पुढे केला.

"सदरा काढ. अंगावरचा. वाळू देऊ नकोस."

तिनं तो ऊनऊन, ओला सदरा चेलीच्या उघड्या अंगाभोवती गुंडाळला, हात आत घेतले, बाह्यांची गाठ मारली. "जीव वाट विसरला की बापाच्या घामाच्या वासावर परत येतो," ती सुनेला म्हणाली. "ह्याला लहानपणी मी असाच परत आणलाय. विचार त्याला."

"मला काय आठवतंय," रुतिलियो उघड्या अंगानं हसत म्हणाला. "पण माझ्या घामाला कोणी विचारलं, हे पहिल्यांदाच."

त्या रात्री चेली सदऱ्यात नाक खुपसून सकाळपर्यंत झोपली. उठल्यावर मक्याची पेज मागितली. झेनाइदानं दोनदा वाढली आणि कामाला गेली ती शिडीवर चढताना गुणगुणत.

रविवारी दवाखान्याकडून एक मुलगी आली. मारिबेल तिचं नाव. तिच्याजवळ चित्रं होती. ती खोलीखोलीत जाऊन स्पॅनिशमध्ये सांगे, आणि इथं रुतिलियो ते आपल्या बोलीत आईला आणि बायकोला सांगे.

"बागेतून आलात की आधी आंघोळ. मगच पोरांना उचलायचं. कामाचे कपडे दाराबाहेर काढायचे, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. औषध दिसत नाही, पण अंगावर येतं."

चोना हसली. "तापल्या अंगावर गार पाणी? हिला सांग, माझ्या थोरल्यानं कणसं खुडून आल्यावर ओढ्यात बुडी मारली होती. आज त्याची बोटं वळत नाहीत. घास बायको भरवते."

"आजी, तो वेगळा आजार असेल," मारिबेल म्हणाली. हे रुतिलियोनं आईला सांगितलं नाही.

गावी वाफेचं न्हाणीघर होतं. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं, अंग आणखी तापवायचं, मग पांघरूण घेऊन निवू द्यायचं. इथं पत्र्याच्या शेडमध्ये नळ होते आणि त्यांना विहिरीचं पाणी होतं. गरम पाण्याचा बंब गेल्या हंगामापासून बंद होता.

"काही विचारायचंय?" मारिबेलनं विचारलं. झेनाइदानं मानेनंच नाही म्हटलं. तिनं चेलीचा गाल ओढला, रंगीत खडू दिले आणि शेजारच्या खोलीत गेली. सदरा तेव्हा बाजेच्या दांडीवरच होता. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिनं विचारलं असतं, तर झेनाइदानं कौतुकानं सांगितलं असतं.

जेवढं झेपलं तेवढं झेनाइदानं मनावर घेतलं. कामाच्या कपड्यांना वेगळी बादली केली. आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाल्दोमेरोपुढे जाऊन उभी राहिली. तिची स्पॅनिश तुटकी होती, म्हणून शब्द आधी जुळवून आणले होते.

"बंब दुरुस्त होईल का? गरम पाणी हवंय."

"जूनमध्ये?" त्यानं आजूबाजूला बघितलं. झाडाखाली जेवणारे ऐकत होते. "तुमच्या डोंगरात नळ तरी होता का गं?"

"सासूबाई म्हणतात, तापल्या अंगावर गार पाणी..."

"सासूला मालकाच्या बंगल्यावर पाठव. तिथं टब आहे. पाठ चोळायला कोणी मिळतं का बघतो."

झाडाखाली हशा पिकला. तिच्या गावच्या बायका ताटात बघत राहिल्या.

"मुलीसाठी विचारलं," झेनाइदा म्हणाली.

"मग मुलीला पातेल्यात तापवून घाल. बागेला पाणी घालू, का तुम्हाला?"

ती शिडीकडे परत गेली. दुपारभर फळं नीट दिसत नव्हती. दोन झुबक्यांतलं ठेवायचं तेच फळ खुडलं गेलं. मागून येणाऱ्या बाईनं ते पायानं मातीत दाबलं.

तेव्हा असं ठरलं: रुतिलियो दारात कपडे काढील, अंग निवलं की ओल्या फडक्यानं पुसून घेईल. पँट, मोजे, टोपी सरळ बादलीत. सदरा तेवढा आधी चेलीला, आणि सकाळी बादलीत. औषध ते औषध आणि घाम तो घाम, असं झेनाइदाच्या मनात होतं. पँटवर औषध उडतं हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. सदरा तर रबराच्या आत असतो.

पण पोर उतरत चालली. तोंडातून लाळ थांबेना, डोळ्यांना धार. बसता बसता कलंडे. मांडीवर घेतली की अंग घामानं चिंब. कोंबडी हा शब्द गेला. समोर कोंबडी आली तरी नुसती बघत राही. मग पाणी गेलं. तहान लागली की पेल्याकडे बोट करी.

रविवारी मात्र तिला बरं वाटे. संध्याकाळपर्यंत दोन घास जास्त खाई, सोमवारी सकाळी हसे. झेनाइदानं हे बघून ठेवलं होतं.

"रविवारी बाप दिवसभर घरात असतो," ती सासूला म्हणाली. "जीव तेवढ्यापुरता जागेवर येतो. बाप गेला की पुन्हा जातो."

चोना चेलीचे तळपाय चोळत होती. तिनं हात थांबवले. मग म्हणाली, "सदरा पुरे कर आता. सदऱ्यानं यायचा जीव एवढ्यात आला असता. हे दुसरंच काही दिसतंय. जाणती बाई बघ, नाहीतर त्या दवाखान्यात जा."

"एकदा गुण आला होता ना? तुम्हीच केलं होतं."

"एकदा आला."

"मग मी कमीच पडते आहे. रात्रीचा एकच सदरा मिळतो. दिवसभर पोर तशीच असते."

तिनं रुतिलियोला दुसरा सदरा बरोबर न्यायला लावला. दुपारच्या सुट्टीत ती बागेतून धावत टाकीपाशी जाई, त्याच्या अंगावरचा ओला सदरा घेई, धावत खोलीवर येई, चेलीला गुंडाळी आणि धावत परत शिडीवर चढे. जेवायला वेळ उरत नसे. रुतिलियोही आता नीट जेवत नव्हता. डोकं दुखतं म्हणे, डोळ्यांपुढे अंधारतं म्हणे. ऊन लागलं असेल, असं दोघं धरून चालली.

जूनच्या अखेरीस एका दुपारी ती टाकीपाशी गेली तेव्हा तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून खाली बसला होता. "नळी सुटली," तो म्हणाला. "गळ्यातून आत गेलं सगळं." सदरा नेहमीपेक्षा जड होता. त्याला लसणासारखा वास येत होता. झेनाइदा क्षणभर तो हातात धरून उभी राहिली.

"नेऊ ना?" तिनं विचारलं.

"ने," तो म्हणाला. त्याचं डोकं गुडघ्यांत होतं.

खोलीत चोनानं तोंड फिरवलं. झेनाइदानं पोरीला गुंडाळलं, बाह्यांची गाठ घट्ट मारली आणि आज तिथंच बसली, कारण पोरीचा श्वास बुडबुड्यांसारखा वाजत होता. थोड्या वेळानं चेलीचे ओठ थरथरायला लागले, मग पापण्या, मग दंड. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. तोंडाशी फेस आला. झेनाइदा तिला तशीच, सदऱ्यासकट, उराशी धरून रस्त्यावर पळत सुटली.

पिकअप बाल्दोमेरोनंच थांबवली. पोरीकडे एकदा बघून त्यानं दार उघडलं. वाटेत टाकीपाशी थांबून रुतिलियोला मागे चढवलं आणि गाडी हाणली. शहराची घरं दिसू लागली तेव्हा तो समोर बघतच, मागच्या उघड्या खिडकीतून रुतिलियोला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "पोर आजारी आहे एवढं सांगा. टाकीचं नाव काढू नका. तुमच्याच भल्याचं सांगतोय."

स्पॅनिश येणारी नर्स गाठ सोडायला वाकली आणि वासानं मागे सरली. तिनं कोणाला तरी हाक मारली. हातमोजे घातलेली माणसं आली. त्यांनी सदरा कात्रीनं कापून काढला, जाड पिशवीत घातला, पिशवीचं तोंड बांधलं, ती दुसऱ्या पिशवीत घातली. पोरीला साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, दंडात सुई टोचली. रुतिलियोलाही कोणीतरी आत नेऊन उभा धुतला. परत आला तेव्हा त्याच्या अंगातून वाफ निघत होती. इथं नळाला गरम पाणी होतं, हवं तेवढं.

"हा सदरा कोणाचा?" नर्सनं विचारलं.

"माझा."

"मुलीला का गुंडाळला होता?"

शिडी, ओळ, टाकी, नळी, यांच्यापुरती रुतिलियोची स्पॅनिश चांगली होती. भ्यालेल्या जिवाला वाट कशी दाखवतात, हे त्याला त्या भाषेत सांगता आलं नसतं. आलं असतं तरी तो त्या बाईला बोलला नसता.

"थंडी वाजत होती तिला," तो म्हणाला.

बाहेर जूनच्या उन्हानं पत्रे तापून वाजत होते. नर्स त्याच्याकडे बघत राहिली. झेनाइदाला सदरा हा शब्द कळला होता आणि थंडीही कळली होती. ती खाली बघत उभी राहिली.

डॉक्टर त्याच्याशी बराच वेळ बोलले. तो मान हलवत होता. मग येऊन तो तिच्या शेजारी बाकावर बसला, मध्ये थोडी जागा सोडून.

"काय म्हणाले?"

"फवारणीचं विष आहे. वाचेल म्हणाले."

"विष कुठनं आलं?"

त्यानं घासून लाल झालेले आपले हात बघितले. "वाऱ्यानं," तो म्हणाला.

"मग सदरा पिशवीत का बांधून ठेवला?"

रुतिलियो उठून दाराकडे गेला. ती पुन्हा कधी विचारणार नव्हती. वाऱ्यानं, असंच दोघांनी घरी सांगितलं. चोनानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सदरा कुठाय?"

"त्यांनी ठेवून घेतला."

"मग ती पुरती घरी आलीच नाही," म्हातारी म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

चेली वाचली. चालू लागली, आधीपेक्षा उशिरा पाऊल टाकत, भिंतीला हात लावत. पण तोंडातून शब्द येईना. रुतिलियोनं टाकी सोडली. त्याबद्दल बाल्दोमेरोनं त्याला तोडणीच्या दिवसांत सगळ्यांत लांबच्या बागेत घातलं. संध्याकाळी घरी आला की तो सरळ शेडमध्ये जाई आणि तापल्या अंगावर विहिरीचं पाणी ओतून घेई. पहिल्या दिवशी आई दारात येऊन उभी राहिली. तो कुडकुडत ओततच राहिला. ती आत गेली, आणि त्यानंतर त्याच्या बोटांकडे बघायची तेवढी.

धुतलेल्या अंगानंही तो पोरीला घेत नसे. उंबऱ्यावर बसे, हात गुडघ्यांच्या मध्ये धरून. चेली सवयीनं उठे, त्याच्याकडे निघे, आणि झेनाइदा तिचा दंड धरी. "लांब," ती म्हणे. पोर ओढ घेई. "पापा आले की लांब." एकदोनदा चापटही मारली. रोज संध्याकाळी हेच. पानं गळेपर्यंत पोरीला मागं ओढायची गरज उरली नाही. बापाची पावलं वाजली की ती आपण होऊन बाजेमागं जाई.

हिवाळ्यात फवारणी नसते. बर्फात छाटणी चालते. त्याच सुमारास दर आठवड्याला एक बाई येऊ लागली. मुलांना बोलायला शिकवणारी, पिशवीत लाकडी प्राणी घेऊन येणारी. जमिनीवर चेलीसमोर पालथी पडे, गाईचा, मेंढीचा आवाज काढे. झेनाइदाला ती आवडे.

"ह्या वयात मुलं दोन शब्द जोडतात," ती जाताना स्पॅनिशमध्ये म्हणाली. "आई ये. दूध दे. असं काहीही. दोन शब्द जोडले की मला सांगा. तिथून पुढं वाट सुटते."

जानेवारीत एका संध्याकाळी रुतिलियो छाटणीवरून आला. न्हाऊन, धुतलेला सदरा घालून खोलीत आला. अंगाला लाकडाच्या भुश्शाचा वास तेवढा राहिला होता. चोना झोपली होती. तो जरा वेळ दाराशी उभा राहिला. मग, जूननंतर पहिल्यांदाच, खाली बसला आणि त्यानं हात पसरले.

चेली बाजेमागून पुढं आली नाही. तिनं आईकडे बघितलं. दोन्ही हात पाठीमागं नेले.

"पापा लांब," ती म्हणाली. अगदी स्पष्ट.

पसरलेले हात रुतिलियोनं खाली आणले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्या आधीच सोडलेल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात बाई आली. बर्फ झटकत तिनं विचारलं, "काही नवीन?"

"दोन शब्द जोडले," झेनाइदा म्हणाली.

बाईनं टाळी वाजवली. ती टाळी बघून चेलीही हसली, फार दिवसांनी. "कोणते गं? काय म्हणाली?"

पापा आणि लांब, दोन्ही शब्द झेनाइदाला स्पॅनिशमध्ये येत होते.

"पापा ये," ती म्हणाली.

"किती छान." बाईनं चेलीला जवळ घेतलं. "आता तेच रोज म्हणून घ्यायचं तिच्याकडून. संध्याकाळी, वडील आले की. जे आलंय ते पक्कं होऊ द्या."

झेनाइदानं मान हलवली.